पंचफुलाआत्यांचे साडेअकरा तास

आमच्या गल्लीतून कोणी मुंबईला निघालं की त्याला आधी चालून दाखवावं लागतं. तिकीट, बॅग, डब्यातल्या पोळ्या हे सगळं नंतर. आधी पंचफुलाआत्यांच्या ओट्यापासून हापशीपर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. आत्या ओट्यावर पाय पसरून बसतात, डोळे बारीक करतात आणि निकाल देतात.

"टाच घासून राह्यले तुमी. या चपलीनं मुंबई होत नाही."

किंवा, "चाल बरी हाय तुही, पन खाली पाहून काऊन चालून राह्यला बे? मुंबई काय जमिनीवर सांडली हाय? मानसाच्या तोंडाकडं पाहाचं."

एका निवृत्त तलाठ्यांना आत्यांनी दोनदा नापास केलं. तिसऱ्यांदा ते नवे बूट घालून आले, तेव्हा कुठे त्यांची मुंबई मंजूर झाली.

मी मूळचा साखरखेर्ड्याचा. मोताळ्याच्या शाळेत बदली झाली आणि आत्यांच्या शेजारचं घर भाड्यानं मिळालं, त्याला सहा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर पडलो तर ओट्यावरून आवाज आला, "मास्तर, सांजलोक येजा." सांजलोक म्हणजे संध्याकाळपर्यंत. बाजार आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, त्यात वेळ सकाळची नऊची. मी घरात येऊन बायकोला, मीनाला म्हणालो, "शेजारच्या बाईंनी मला चांगलंच उनाड ठरवलेलं दिसतंय."

नंतर कळलं की आत्या हे सगळ्यांनाच म्हणतात. गिरणीत निघालेल्याला, वावरात निघालेल्याला, कोपऱ्यावर दाढी करायला निघालेल्यालासुद्धा. एकदा समोरच्या घरातली मुलगी लग्न होऊन सासरी निघाली होती. सगळी गल्ली डोळे पुसत होती. आत्यांनी नवरीच्या गालावरून हात फिरवला आणि सवयीनं म्हणाल्या, "सांजलोक येजो, माय." नवरी रडता रडता खुदकन हसली, आणि नवरदेव मात्र दचकला.

आत्यांचं दुसरं वेड म्हणजे चाल. गल्लीच्या टोकाला माणूस ठिपक्याएवढा दिसत असतो, तेव्हाच त्या नाव सांगतात. मी एकदा कौतुकानं विचारलं, "एवढ्या लांबून चेहरा कसा दिसतो तुम्हाला?"

"चेहरा कायले पाह्यजे?" आत्या म्हणाल्या. "चेहरा बदलते, मास्तर. चाल बदलत नाही."

आणि तिसरं वेड, सगळ्यांत मोठं, म्हणजे मुंबई. दर वर्षी सहा डिसेंबरला गल्लीतली मंडळी मलकापूरहून गाडी धरून दादरला चैत्यभूमीवर जातात. अभिवादन झालं की दुसऱ्या दिवशी बाकीचे राणीच्या बागेत वाघ बघतात, मत्स्यालयात मासे बघतात. आत्या एकट्या निघतात. पायी. दिवसभर मुंबई बघतात आणि संध्याकाळी गाडीच्या वेळेला बरोबर हजर होतात. त्या एका दिवसाचं नियोजन दिवाळीपासून चालू असतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्या रस्ते आखतात, सरळ रेघा, एकीशेजारी एक. वर मोठ्या अक्षरात मथळा असतो. मागच्या वर्षीचा मथळा मी चोरून वाचला होता : 'वेचनी आठवी'. मुंबईत आत्या काय वेचतात, हे मला काही उमगलं नाही.

गल्लीतलं कोणी मुंबईचे फोटो दाखवायला आलं की आत्या मोबाईल हातात घेतात आणि इमारतींचे फोटो बोटानं भराभर ढकलून देतात. "हे उभंच राह्यनार हाय. मानसं दाखव." एखादा गर्दीचा फोटो आला की मात्र त्यात बुडून जातात. बोटांनी तो मोठा करतात आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश सरकवत नेतात. आमच्या गल्लीत म्हणच पडली आहे, लोकांना ताजमहाल आवडतो, आत्यांना रांग.

यंदा आत्यांच्या गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, जिने चढायचे नाहीत. आत्यांनी विचारलं, "मुंबई सपाट हाय, जाऊ काय?" डॉक्टर तरीही नाही म्हणाले. चार दिवस आत्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी भिंत धरून आमच्या दारात आल्या. हातात कॅलेंडरची गुंडाळी होती.

"मास्तर, तुमी दोघं यंदा दादरले जाऊन राह्यले ना? मंग माही यंदाची पात तुमी धरा, माह्या वाट्याचं तुमी चाला. एक साल खाली गेलं तं मांगची समदी मेहनत पान्यात."

मी हसत हसत म्हणालो, "आत्या, मुंबई कुठं पळून चालली आहे? पुढच्या वर्षी बघा."

आत्या हसल्या नाहीत. त्यांनी गुंडाळी तशीच पुढे धरून ठेवली. मीनानं त्यांच्या हातून ती घेतली आणि म्हणाली, "आम्ही करतो, आत्या. एकही रस्ता सोडत नाही."

कागदावर 'वेचनी नववी' आणि खाली हिशेब : बोरीबंदर ते फाउंटन, अडीच तास. फाउंटन ते म्युझियम, दोन तास. म्युझियम ते कमान, दोन तास. कमान ते पलीकडचा समुद्र, पाच तास. मधे मधे फुल्या आणि बारीक सूचना. 'झाडाखाली बाक, इथं मानसं बसतात.' 'चहावाला, इथं उभं राहाचं.' 'जाताना उजवी बाजू, येताना डावी.' आणि कमानीपाशी : 'हिच्याकडं पाठ करून उभं राहाचं.'

शेवटची सूचना वाचून मला हसू आवरेना. अख्खा देश ज्या कमानीकडे तोंड करून फोटो काढतो, तिच्याकडे पाठ करायची!

माझे वडील बसचे कंडक्टर. आमच्या घरात शेती नव्हती, घड्याळ होतं. मी लगेच पेन घेऊन समासात वेळा घातल्या. सहाला सुरुवात, साडेआठला फाउंटन, साडेदहाला म्युझियम, साडेबाराला कमान, साडेपाचला समुद्र. आखीव दिवस. मीना म्हणाली, "इतका वेळ लागतो?" मी म्हणालो, "मुंबई आहे ती. मोताळा नव्हे."

सात डिसेंबरला सकाळी बरोबर सहाला आम्ही बोरीबंदरासमोर उभे होतो. नीट उजाडायचं होतं. मी पहिल्यांदाच मुंबई बघत होतो, आणि ती दगडी इमारत पाहून माझी मान जी वर गेली ती खाली येईना. एवढे घुमट, एवढी कोरीव पानं, आणि हे सगळं कशासाठी, तर लोकांनी गाडी पकडावी म्हणून! आमचं मलकापूरचं स्टेशन आठवून मला त्याची कीव आली. मी दोन्ही हात जोडणार होतो, पण मीनानं आवरलं.

सव्वासहाला आम्ही फाउंटनला पोहोचलो.

मला वाटलं, काहीतरी चुकलं. रस्ता झाडणाऱ्या एका गृहस्थांना विचारलं, "फाउंटन हेच का?"

"हेच."

"दुसरं एखादं, लांबचं, नाही ना?"

"एवढं पुरत नाही का तुम्हाला?" त्यांनी झाडू न थांबवता विचारलं.

म्युझियम बंद. दुकानं बंद. कमानीपाशी पोहोचलो तेव्हा समुद्रावर ऊन नुकतंच उतरत होतं. मी तर आत्यांची सूचना साफ विसरलो आणि तोंड उघडं टाकून कमानीकडेच पाहत राहिलो. साडेआठला पलीकडच्या समुद्राचा कठडाही आला. साडेअकरा तासांची मुंबई अडीच तासांत संपली, आणि संध्याकाळच्या गाडीला आख्खा दिवस शिल्लक! मी विजयी मुद्रेनं आत्यांना फोन लावला.

"आत्या, झालं सगळं! तुमचे साडेअकरा तास आम्ही अडीच तासांत उरकले."

 पलीकडून आत्या कडाडल्या, "घड्याळ कोनं पाहाले सांगतलं तुमाले? वावराचे तास, मास्तर! सहा तास सोयाबीन, एक तास तूर, ते तास! आपल्या वावरात या बांधापासून त्या बांधालोक एक तास, पाचशे पावलं. मास्तर हाय का कोन हाय तुमी?"

तास म्हणजे पिकाची ओळ! अख्ख्या वऱ्हाडात शेंबड्या पोराला ठाऊक असलेला शब्द, आणि मी त्याला साडेअकरा वेळा घड्याळ बांधलं होतं. मला हसू फुटलं. कठड्यावर बसलेले दोघे-तिघे वळून बघायला लागले.

आत्या मात्र हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मंग? दिसलं काय कोनी?"

"कोण दिसणार?"

 मीनानं माझ्या हातून फोन घेतला. "आत्या, आम्ही पुन्हा जातो. उलट्या तासानं, डाव्या बाजूनं, सावकाश. दिवस पडला आहे अजून." आणि फोन ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की माझं उरलंसुरलं हसू मावळलं.

मीनाला सगळं माहीत होतं. बायकांना माहीतच असतं, आपल्याला कोणी सांगत नाही, कारण आपण हसतो. तिथंच कठड्यावर तिनं सांगितलं. आत्यांना एक धाकटा भाऊ होता, नामदेव. बावीस-तेवीस वर्षांचा असताना बहिणीबरोबर दादरला आला. अभिवादन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला म्हणाला, "अक्का, तू इथंच बस. मी पायी मुंबई पाहून येतो. सांजलोक येतो."

आत्या बसून राहिल्या. संध्याकाळची गाडी गेली, दुसऱ्या दिवशीची गेली. पोलिसांनी लिहून घेतलं, गाववाल्यांनी शोधलं, आणि शेवटी हाताला धरून त्यांना परत आणलं. तेव्हापासून आत्या दर डिसेंबरात भावाचा तो एक दिवस आखतात. पायी माणूस एका दिवसात कुठं कुठं जाईल, कुठं बसेल, कुठं चहा पिईल. पाचेक वर्षांत सगळे रस्ते एकदा संपले की कापसाची होते तशी एक वेचणी झाली, मग पुन्हा पहिल्या तासापासून.

"तेच रस्ते पुन्हा कशाला?" मी विचारलं. 

"मीही विचारलं होतं एकदा," मीना म्हणाली. "तर म्हणाल्या, कपाशीचे बोंड काय समदे एकाच दिवशी फुटतात काय? आज नाही दिसलं तं उद्या दिसते."

आम्ही उठलो आणि उलटे निघालो. पाचशे पावलं मोजायची, थांबायचं, बघायचं, फोटो काढायचे. बाकांवरची माणसं, चहावाल्याभोवतीची माणसं, पायऱ्यांवर डुलक्या घेणारी माणसं. मीनानं सांगितलं होतं, नामदेव चालताना मान डाव्या खांद्यावर पाडायचा. आता तो पासष्टीचा असेल. मी आयुष्यात इतक्या म्हाताऱ्यांच्या माना पाहिल्या नव्हत्या.

दुपारी कमानीपाशी तुडुंब गर्दी होती. मी कमानीकडे पाठ करून उभा राहिलो आणि मला एकदम कळलं. इथं आलेला प्रत्येक जण कमानीकडे बघतो. म्हणजे कमानीकडे पाठ केली की प्रत्येक जण आपल्याकडे बघतो! शेकडो चेहरे, सगळे वर उचललेले, सगळे उन्हात, कोणाचे डोळे दिपलेले, कोणाचं तोंड माझ्यासारखंच उघडं. चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईनं, एकटीनं, ही जागा शोधून काढली होती. बोरीबंदर बघून मान वर गेली होती, इथं माझी मान खाली झाली. मुंबई मोठी खरीच, पण ती नऊ वेळा वेचायला घेणारी बाई आमच्या भिंतीपलीकडे राहत होती, आणि मी तिच्या 'सांजलोक'ची नक्कल करून शाळेत हशा मिळवत होतो. मला माझी लाज वाटली.

मोताळ्याला आल्यावर फोन तसाच आत्यांच्या हातात दिला. त्यात आम्ही दोघांनी दिवसभर काढलेले माणसांचे फोटो होते, एकही इमारत नसलेले. आत्या ओट्यावर बसल्या, आणि सकाळचं ऊन ओट्यावर येईपर्यंत एकेक चेहरा मोठा करून पाहत राहिल्या. एका फोटोपाशी त्यांचं बोट थांबलं. पायरीवर बसलेला एक म्हातारा, मान किंचित कललेली. मी फोनवर वाकलो.

आत्यांनी तो चेहरा आणखी मोठा केला आणि मान हलवली. "नाही. हा नामदेव नाही."

मी फोन घ्यायला हात पुढे केला. आत्यांनी तो सोडला नाही. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून, नवरीच्या गालावरून फिरवला होता तसाच, अंगठा फिरवला.

"मास्तर, हा फोटो पुसजा नका बरं," त्या म्हणाल्या. "याले बी कोनीतरी पाहून राह्यलं असंन."

मग त्यांनी कॅलेंडरचं नवीन पान उलटं केलं आणि मथळा घातला, 'वेचनी नववी, साल दुसरं'. शाळेची वेळ झाली होती, म्हणून मी उठलो. पायरी उतरलो तेव्हा मागून आवाज आला, "सांजलोक येजा, मास्तर."

सहा वर्षांत मी त्यावर कधी उत्तर दिलं नव्हतं. वळून म्हणालो, "हाव आत्या. येतो."