अण्णांचे बर्फाचे बूट

सोनपेठच्या आठवडी बाजारात, ऐन मे महिन्यात, पायात बर्फावर घसरायचे बूट घालून वांगी घेणारा माणूस दिसला तर घाबरू नका. तो माझा साडू आहे. घाबरायचं काम मी आधीच करून ठेवलं आहे.

बूट म्हणजे कडक प्लास्टिकचे, नडगीपर्यंत उंच, प्रत्येकाला चार-चार पट्टे, ट्रंकेच्या कडीसारखे खटकन लागणारे. ते चढवले की खाली बसता येत नाही, त्यामुळं भाजीवालीनं एकेक वांगं वर उचलून दाखवायचं. सरळ उभंही राहता येत नाही. बूट माणसाला पुढं ढकलतो. उभ्या हयातीत कुणापुढं मान न वाकवलेले आमचे अण्णा बाजारभर दिसेल त्याच्या पाया पडायला निघाल्यासारखे चालत. आवाज असा, की चहाच्या टपरीवरची माणसं म्हशी आल्या समजून बाजूला होत.

अण्णांचं सोनपेठात खताचं दुकान आणि गावाबाहेर काळीचं रान. आणि एक तत्त्व: "आपल्याला परायी चीज चालत न्हाई." न्हाव्याकडं जाताना वस्तरा स्वतःचा. लग्नाला जाताना खुर्ची स्वतःची, जीपच्या टपावर बांधून. परभणीला माझ्याकडं मुक्कामाला आले की चादर, तांब्या आणि एकदा तर बल्बसुद्धा घेऊन आले. आमच्या लाइटचा उजेड त्यांना परका वाटत असावा. माझी बायको, म्हणजे त्यांची मेव्हणी, एकदा म्हणाली, "मग आमची ताई कुठून आणली? रानात पेरली होती का?" अण्णा नुसते हसले आणि स्वतःच्या तांब्यातून पाणी प्याले.

त्यांची एकुलती एक लेक अर्चना. मनालीकडं हॉटेलात नोकरीला गेली आणि तिथंच, पर्यटकांना बर्फावरचे बूट भाड्यानं देणाऱ्या टेकचंद नावाच्या पहाडी पोराशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. ना मांडव, ना वाजंत्री. अण्णांनी तेव्हापासून त्या पोराचं नाव तोंडातून काढलं नाही. "तो बूटवाला," एवढंच. "लोकाच्या घामट बुटावर पोट भरायलाय." ताई लेकीशी फोनवर बोलायला लागल्या की हे उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसत. ओटा खिडकीला लागूनच आहे, ही गोष्ट वेगळी.

आणि मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आपल्याला बर्फ पाहायचाय."

बर्फ त्याच गावाला जाऊन कामून पाहायचा, हे विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही. अटी मात्र अण्णांनी स्वतःच सांगितल्या. "आमी उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार न्हाई. लेकीच्या घरचं पाणी पिणार न्हाई. आन त्या बूटवाल्याचा बूट तर पायाला लागू देणार न्हाई. आपले बूट आपण घेऊन जायचं."

माप घ्यायचा मान माझ्याकडं आला. माझी अक्कल इथून पुढं कामाला लागली. वर्तमानपत्रावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. पेन्सिल मी तिरकी धरली होती. वेळ भर दुपारची, परभणीचं ऊन, पाय सुजून भाकरीसारखा फुगलेला. त्यावर मी सवयीनं दोन नंबर वाढवले, कारण आमच्या आईनं आयुष्यभर माझे बूट वाढत्या पायाचे घेतले. साठी ओलांडलेल्या अण्णांचा पाय आता कुठवर वाढणार, हा प्रश्न मला बूट पार्सलनं घरी आल्यावर पडला.

"ढिले हायेत का?" मी भीतभीत विचारलं.

"बरंय की. हवा खेळती राहती," अण्णा म्हणाले.

नवा बूट चावतो म्हणून त्यांनी आतून एरंडेल तेल चोळलं. प्लास्टिकला एरंडेलानं काही होत नाही, पण पायाला फार होतं. तेल लावलेल्या त्या बुटात अण्णांचा पाय डबक्यातल्या मासोळीसारखा फिरे. तरी बूट सरावात यावा म्हणून हा गृहस्थ उन्हाळाभर गावात हिंडला. मी तोंडावर रुमाल धरून हसत असे. तो बूट त्यांना कुठं चावत होता, हे मला कळायला जानेवारी उजाडावा लागला.

जानेवारीत ताई म्हणाल्या, "तुमी सोबत जा. हे दारातून परत येतील." त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपणारा नव्हता. गाडीत अण्णांनी स्वतःची बर्थ बुटांना दिली, चादर पांघरून. माझी बर्थ अण्णांनी घेतली. मी दिल्लीपर्यंत बसून होतो.

मनालीच्या वरच्या अंगाला रस्त्याकडेला ते दुकान. पुढं बुटांच्या रांगा, मागं राहतं घर. अर्चना धावत बाहेर आली, वाकून पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवताना अण्णांनी दुसरीकडं पाहिलं.

"बाबा, आत चला. चहा ठेवते."

"नको. आमी बर्फ पाहायला आलोत."

दुकानाबाहेरच्या फळीवर बसून त्यांनी बूट चढवले. तेवढ्यात टेकचंद बाहेर आला. लालबुंद गालांचं, हडकुळं पोरगं. त्यानं नमस्कार केला. अण्णांनी तो पाहिला नाही. मग त्यानं बुटांकडं पाहिलं, कारण तो धंदाच त्याचा.

"बाबूजी, ये तो बहुत बड़े हैं."

"हमारे पाँव कू बराबर है," अण्णा म्हणाले आणि उठले.

चार पावलं गेले असतील. बूट एकीकडं राहिला, आतला पाय दुसरीकडं वळला आणि अण्णा बर्फात बसले. मला हसू आलं, आणि घाबरून मीही घसरून त्यांच्या शेजारीच बसलो. सोनपेठ आणि परभणी दोन्ही आडवे.

टेकचंद पळत आला. काही न विचारता गुडघ्यावर बसला, डाव्या बुटाचे पट्टे खटाखट उघडले, बूट काढून माझ्या हातात दिला आणि अण्णांचा मोजा घातलेला पाय दोन्ही हातांत धरून घोटा चाचपू लागला.

अण्णांनी चटका बसल्यासारखा पाय ओढला. "आरं, जावयानं सासऱ्याच्या पायाला हात लावू न्हाई. पाप लागतं आमाला."

तोंडातून गेलं ते गेलं. दारातून धावत निघालेली अर्चना जागच्या जागी थांबली.

"क्या बोले बाबूजी?" टेकचंदनं तिला विचारलं. ती ओढणी तोंडाला लावून उभी राहिली.

पायाला हात लावू नये म्हणून अण्णांनी त्याची दोन्ही मनगटं धरून ठेवली होती. ती सोडायचं त्यांच्या लक्षात आलं नाही की त्यांनी सोडली नाहीत, मला ठाऊक नाही. त्यांनी ते हात उलटे केले. बोटांना भेगा पडलेल्या, कडांना रक्त वाळलेलं. दिवसभर ओले बूट पुसणाऱ्याचे हात.

"अर्चू," ते म्हणाले, "लय गार पडलेत याचे हात. आत काही शेकोटी-बिकोटी हाय का न्हाई?"

"हाय की बाबा. खोली तापवायचा तंदूर पेटलाय."

"मग याला बाहेर कामून ठेवलंय?"

आणि त्याच्याच खांद्याचा आधार घेत, एका पायात बूट, एका पायात मोजा, ते लंगडत आत गेले. अर्चना त्यांच्या मागं.

मी बर्फातच बसलो होतो. हातात डावा बूट. आतून कपबशांचा आवाज आला. मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेलोही नाही.