तीन जाणकारांचा ट्रक

अंकुशच्या सक्करदऱ्यातल्या अंगणात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या ट्रकचं इंजिन जाम झालं आणि संध्याकाळपर्यंत तीन जाणकार गोळा झाले. अंकुश पाटबंधारे खात्यात कारकून. गाडीतलं त्याला काही कळत नव्हतं आणि कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं.

ट्रक त्याच्या आजोबांचा. छप्पन साली त्यांनी पारशिवनीची माणसं याच ट्रकमधून दीक्षेला आणली होती. हौद्यात मागच्या फाळक्याशी सहा वर्षांची सिंधू बसली होती. ती आता अंकुशची माय.

"एकडाव याच गाडीत बसून दीक्षाभूमीले जायचं हाय मले," सिंधूताई म्हणाल्या. "पुढच्या साली हे गुडघे चढू देतीन का नाही, कोणाले माहीत."

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला महिना उरला होता.

मेव्हणा विक्की बुटीबोरीला सुपरवायझर होता. तिथं सूत काढायची यंत्रं होती, पण विक्कीच्या मते यंत्र ते यंत्र. "भाऊजी, सहा सिलिंडरचं टाका!"

"अरे, मिरवणुकीत माणसांच्या चालीनं जायचं आहे."

"हो, पण पावर पाह्यजे नं!"

सहा सिलिंडरचं इंजिन आलं. त्याला जुना गिअरबॉक्स जुळेना. मग शेजारचे गणपतराव पुढं सरसावले. तीस वर्षं बस चालवली, पण बॉनेटखाली कधी डोकावले नव्हते. त्यांनी भंगारातून एक गिअरबॉक्स शोधून आणला.

"याचा रिव्हर्स तेवढा पडत नाही," ते म्हणाले. "पण मिरवणुकीत रिव्हर्स टाकते कोण?"

यावर तिघंही खूप हसले. अंकुशही हसला, कारण सगळे हसत होते.

आता गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारी शाफ्ट लांब झाली. ती कापली, तर मागच्या हौसिंगशी, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या त्या लोखंडी गोळ्याशी, जुळताना चेसिसला घासू लागली. तिसरे जाणकार भैय्याजी मिस्त्री. त्यांनी पान थुंकलं, हौसिंग काढलं आणि खालचं वर करून बसवलं. शाफ्ट अलगद बसली.

"याले म्हणते डोकं," भैय्याजी स्वतःच म्हणाले.

ट्रक टेकूवर चढवून इंजिन सुरू केलं. चाकं फिरली, टाळ्या झाल्या. कोणत्या बाजूनं फिरली, हे पाहायला कुणाला सवड नव्हती. इंजिन कुणी निवडलं यावर तिघांचं भांडण चालू होतं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सकाळी पांढऱ्या साडीतल्या सिंधूताईंना चौघांनी हौद्यात, त्या लहानपणी बसल्या होत्या तिथंच, मागं तोंड करून खुर्चीवर बसवलं. मागचा फाळका उघडा ठेवला होता. गाडीला पंचशील ध्वज बांधला. स्टिअरिंगवर अंकुश. त्यानं पहिला गिअर टाकला. ट्रक मागं गेला आणि विक्की नालीत.

दुसरा टाकला. ट्रक आणखी जोरात मागं गेला.

भैय्याजी वाकून पाहून आले. "हौसिंग उलटं बसलं, म्हणून चारही गिअर मागंच नेतीन."

"मग पुढं कोण नेणार?"

"पुढं रिव्हर्स नेते."

सगळ्यांनी गणपतरावांकडे पाहिलं. गणपतरावांना घरचा गॅस चालू राहिल्याचं आठवलं. विक्की कपडे बदलायला गेला. भैय्याजी पाना आणतो म्हणून गेले ते गेलेच.

अंकुशला रडू यायचं तेवढं बाकी होतं. "माय, उतर. ऑटो आणतो."

"चढली मी. आता उतरत नाही. कसा बी ने, पण ने!"

मग अंकुशनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मान मागं वळवली आणि ट्रक उलटा निघाला. एका चौकात हवालदारानं हात केला. "ओ भाऊ, परतणाऱ्यांचा रस्ता तिकडून हाय!"

"परतून नाही राहिलो साहेब, जाऊन राहिलो."

"मंग तोंड तिकडं काहून?"

"माहं तोंड इकडंच हाय नं!" सिंधूताई हौद्यातून कडाडल्या. "ट्रकच्या तोंडाचं काय घेऊन बसला गा?"

हवालदारानं वाट करून दिली.

दूर स्तूप दिसला आणि सिंधूताईंनी हात जोडले. डोळे वाहत होते, पण त्या पुसेनात. "अंकुश, तवा मी मागंच बसली होती. सारं मले सगळ्याईच्या शेवटी दिसलं. आज सगळ्यात पयले मले दिसलं रे."

अंकुशला सगळ्या महिन्याचा शीण उतरल्यासारखं वाटलं. मान मात्र वळली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात सिंधूताईंचा फोटो आला आणि तासाभरात तिन्ही जाणकार अंगणात हजर. "माय, तुमच्यासाठीच मुद्दाम उलटं बसवलं," भैय्याजी म्हणाले. गणपतराव आणि विक्कीनं त्याचंही श्रेय वाटून मागितलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष खाटेवर वाकड्या मानेनं बसलेल्या अंकुशकडे गेलं. विक्की म्हणाला शेक, गणपतराव म्हणाले झटका, आणि भैय्याजी बाह्या सारून पुढं झाले.

सिंधूताईंनी काठी आडवी धरली.

"त्याच्या मानेले हात नका लावू गा. उलटी बसवाल."