हवालदार आणि रंगरूट

सावळीराम गांगुर्डे नाशिकरोडच्या एका शाळेत हेडक्लार्क होते, आणि जगातली निम्मी दुःखं कागदाची नक्कल काढून न ठेवल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. शाळा सोडल्याचा दाखला असो, घरपट्टीची पावती असो की धाकट्या मेव्हण्याची लग्नपत्रिका, त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत असायचीच. नक्कल नसलेली एकच वस्तू त्यांच्या घरात होती. ती म्हणजे हवालदार.

हवालदार हा पोपट. तो त्यांच्या बायकोच्या, मालनबाईंच्या, माहेरचा. मालनबाईंचे वडील जयराम देवळाली कॅम्पात लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. पोपट छाती काढून चालतो म्हणून त्यांनीच त्याला ही बढती दिली होती. चार वर्षांपूर्वी, एकोणऐंशीच्या जूनमध्ये, ते वारले आणि पिंजरा लेकीकडे आला. आठवडाभर हवालदार तोंड शिवल्यासारखा गप्प बसला. आठव्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता, व्हरांड्यातून कुणीतरी दोनदा खोकलं आणि पाठोपाठ आवाज आला, "मालन, अगं मालन, चहा टाक गं."

आवाज हुबेहूब जयरामबाबांचा. मालनबाईंच्या हातातलं सूप तांदळासकट खाली पडलं. सावळीराम बनियनवर लोळत होते, ते सासऱ्यांच्या धाकाने आधी शर्ट चढवून आले, आणि बटणं लावता लावता त्यांना आठवलं की सासरे वारले आहेत.

तेव्हापासून रोज चारला हाक यायची आणि मालनबाई खरोखर चहा टाकायच्या. दारात कुणी आलं तर हवालदार "जय भीम, या बसा" म्हणे आणि नातेवाईक ते हरखून ऐकत. पण मालनबाईंना त्याचं अप्रूप नव्हतं. त्यांचा जीव होता तो त्या चारच्या हाकेत.

आणि हवालदार म्हातारा होत चालला होता. पंखांचा हिरवा रंग जुन्या छत्रीसारखा विटला होता. एक पेरूची फोड संपवायला तो सरकारी फायलीइतका वेळ घेऊ लागला. हे पाहून सावळीरामांनी एके दिवशी जेवताना जाहीर केलं की आपण एक पोपटाचं पिल्लू आणायचं, ते हवालदाराच्या शेजारी टांगायचं, म्हातारा बोलेल तसं पोर शिकेल आणि बाबांचा आवाज पुढची पंचवीस वर्षं पक्का. मालनबाईंनी शंका काढली की पिल्लू नीट शिकलंच नाही तर? सावळीराम म्हणाले की पक्ष्यांच्या बाबतीत तू मला शिकवू नकोस. त्यांना पक्ष्यांतलं नेमकं काय कळत होतं, हे मालनबाईंना बावीस वर्षांच्या संसारात कधी दिसलं नव्हतं.

शाळेतला शिपाई मल्हारी सुरगाण्याकडचा. सुटीत तो गावी निघाला होता. सावळीरामांनी त्याला कार्यालयात बोलावलं आणि आपल्या सवयीप्रमाणे मागणीचा तपशील कागदावर लिहून दिला, टेंडर काढावं तसा. रंग हिरवा. राहणार झाडाच्या ढोलीत. चोच जाड. पायाला दोन बोटं पुढे, दोन मागे. वय लहान. मल्हारीने कागद दोनदा वाचला, मान हलवली आणि जीपच्या टपावर बसून गावी गेला.

पंधरा दिवसांनी तो बांबूची करंडी घेऊन आला. आत हिरवं, गुबगुबीत, रागीट तोंडाचं एक पिल्लू होतं. सावळीरामांनी कागदाची नक्कल काढून एकेक कलम ताडून पाहिलं. रंग बरोबर, चोच बरोबर, बोटं तर अगदी बरोबर. त्यांनी पिल्लाचं नाव रंगरूट, म्हणजे फौजेतला नवा भरती, असं ठेवलं आणि हवालदाराशेजारी त्याचा पिंजरा टांगला.

पहिली कुरबुर शेजारच्या सुलाबाईंनी केली. त्या निवृत्त नर्स, नजर सुईसारखी. त्यांनी चष्मा सावरून विचारलं, याला मिशा कशा? खरोखरच रंगरुटाच्या चोचीच्या बुडाशी राठ काळे केस होते. सावळीराम क्षणभर गडबडले, पण हेडक्लार्क माणूस कागदाशिवायही उत्तर देऊ शकतो. ते म्हणाले की पोपटांच्या डोंगरी जातीत लहानपणी मिशा असतात, पुढे झडतात. सुलाबाई म्हणाल्या की माणसात तर उलटं असतं. मग चोच सरळ कशी, हा प्रश्न आला. ती वय वाढेल तशी वाकेल, असं सावळीरामांनी सांगितलं. मिरचीला तो तोंड का लावत नाही, तर सवय नाही म्हणून. इतक्या आत्मविश्वासाने त्यांनी ही माहिती दिली की आठवडाभरात सगळ्या कॉलनीला पोपटाच्या मिशांबद्दल ज्ञान झालं.

शिकवणी सुरू झाली. चारला हवालदार हाक मारी आणि रंगरूट मान वाकडी करून ऐके. सावळीराम मालनबाईंना डोळ्यांनी खुणावत, बघ. मे महिना अर्धा सरला आणि एका पहाटे रंगरुटाने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कुटरू, कुटरू, कुटरू, कुटरू."

सावळीराम अंथरुणात ताडकन उठून बसले. त्यांना वाटलं, व्हरांड्यात कुणीतरी गंजलेल्या रहाटाने पाणी काढतंय. आवाज थांबेना. एवढ्याशा जिवात एवढं फुप्फुस कुठून आलं असेल, याचा अंदाज लागेना. समोरच्या चाळीतले दिवे लागले. त्या दिवसापासून पहाट ते संध्याकाळ, मध्ये फक्त केळं खाण्यापुरती सुटी घेऊन, रंगरूट ओरडत राहिला. सावळीरामांनी घसा साफ होत असल्याचं निदान केलं. आधी घसा सुटतो, मग शब्द येतात, असं ते लोकांना सांगत. पण सांगताना त्यांची नजर आता समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे जाऊ लागली होती.

मग एका सकाळी दाढी करताना त्यांना "कुटरू, कुटरू" ऐकू आलं आणि सहज त्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं. रंगरूट उंबर खात होता. त्याची चोच बंद होती.

ओरडत होता हवालदार.

सावळीरामांच्या गालावर वस्तरा लागला, ते त्यांना रक्त बनियनवर सांडल्यावर कळलं. ते पिंजऱ्याजवळ गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हवालदार, मालन. म्हण, मालन." हवालदाराने मान वळवून रंगरुटाकडे पाहिलं आणि अतिशय सफाईने, अगदी डोंगरी उच्चारात, पुन्हा तेच म्हणून दाखवलं. विद्यार्थी शिकला नव्हता. मास्तर शिकला होता.

त्याच वेळी दारात रंगूबाई आल्या. त्या मखमलाबादच्या, डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकत. पाटी उतरवता उतरवता त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "सायेब, कुटुर्गा कशाला कोंडलाय?"

सावळीरामांनी गालावर टॉवेल दाबून विचारलं की काय कोंडलंय?

"कुटुर्गा. हा मिशीवाला. आमच्या मळ्यातल्या उंबरावर लय हायेत. सकाळी नुसता कालवा करत्यात."

तो पोपट नाही का, असं विचारताना सावळीरामांचा आवाज अर्ज करणाऱ्या माणसासारखा निघाला. रंगूबाई खूप वेळ हसल्या. मग सावळीरामांचा चेहरा बघून त्यांनी हसणं थांबवलं आणि दोन गवारीच्या शेंगा जास्त घातल्या.

शाळेत गेल्या गेल्या सावळीरामांनी मल्हारीला गाठलं. मल्हारीने खिशातून घडी करून जपलेला तो कागद काढला आणि शांतपणे पुढे धरला. "तुमी हिरवं लिवलं, ढोलीतलं लिवलं, जाड चोच लिवलं. ते समदं हाय. पोपट कुठं लिवलंय, दावा." सावळीरामांनी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात सगळं होतं, पोपट हा शब्द तेवढा नव्हता. खाली त्यांची स्वतःची लफ्फेदार सही होती.

त्यांनी हे घरी सांगायला हवं होतं. पण जूनच्या पहिल्या रविवारी जयरामबाबांचा स्मृतिदिन होता आणि देवळाली कॅम्पाहून सगळं माहेर येणार होतं. तोवर हवालदार सुधारेल, असं सावळीरामांनी स्वतःला पटवलं. रंगरुटाचा पिंजरा त्यांनी मागच्या न्हाणीघराजवळ नेऊन टांगला. मालनबाईंनी कारण विचारलं नाही. फक्त एका संध्याकाळी त्या म्हणाल्या की आठ दिवस झाले, बाबांची हाक आली नाही. चारला त्या अजूनही स्टोव्ह पेटवून व्हरांड्याकडे कान लावून बसत. हाक यायची नाही. मग त्या स्टोव्हची हवा सोडून देत. ते पाहताना सावळीराम वर्तमानपत्र तोंडापुढे धरत.

स्मृतिदिनाला वीसेक माणसं आली. बाबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं, जेवणं झाली. मग दरवर्षीप्रमाणे सगळे व्हरांड्यात चारची वाट पाहत बसले. मालनबाईंची म्हातारी आत्या नवसाबाई ऐकायला कमी यायचं म्हणून पिंजऱ्याला टेकूनच बसल्या होत्या. त्यांना भावाचा आवाज वर्षातून एकदाच मिळे. सावळीराम खांबाआड उभे होते.

चार वाजले. हवालदार दांडीवर सरकला, छाती काढली आणि दोनदा खोकला. अगदी बाबांचा खोकला. नवसाबाईंनी डोळ्याला पदर लावला. सावळीरामांनी अडीच आठवड्यांत प्रथमच मोकळा श्वास घेतला.

आणि हवालदार म्हणाला, "कुटरू, कुटरू, कुटरू, कुटरू."

न्हाणीघराकडून रंगरुटाने साथ दिली. दोघं मिळून पाच मिनिटं थांबले नाहीत. कुणी हसलं नाही, हेच भयंकर होतं. नवसाबाई कानामागे हात धरून विचारत राहिल्या, "काय म्हणतोय जयराम? काय म्हणतोय?"

मालनबाई उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सावळीराम मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि पातेल्याकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. मिशा, कागद, रंगूबाई, न्हाणीघर, सगळं. मालनबाईंनी चहा गाळून होईपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मिशांची शंका आली त्याच दिवशी मला सांगायचं होतं. मी चार दिवस तरी आवाज ऐकून घेतला असता." सावळीरामांना त्या क्षणी जमीन दुभंगायला हवी होती, पण नाशिकरोडची जमीन कातळाची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि पिंजरा मांडीवर घेऊन सिटी बसने मखमलाबादला गेले. रंगूबाईंनी उंबर दाखवला. त्यावर खरोखरच डझनभर रंगरूट ओरडत होते. सावळीरामांनी दार उघडलं. रंगरूट बाहेर आला, त्यांच्या मनगटावर बसला, जाता जाता अंगठ्याला जोरदार चावला आणि फांदीवर जाऊन त्या कालव्यात असा मिसळला की पुन्हा ओळखता आला नाही. अंगठा चोखत परत येताना सावळीरामांना वाटलं की याहून कमी शिक्षा झाली असती तर आपल्यालाच पटली नसती.

हवालदार मुका झाला. जून गेला, जुलै गेला. तो कुटरूही म्हणेना आणि मालनही म्हणेना. मालनबाई चारला त्याच्यापुढे बसून स्वतःलाच हाक मारत, "मालन, अगं मालन," पण बाईच्या आवाजातली ती हाक त्याला ओळखीची वाटत नव्हती. ऑगस्टात सावळीरामांना सर्दी झाली. एका दुपारी ते पिंजऱ्यात पेरूची फोड ठेवताना दोनदा खोकले. कफाने त्यांचा घसा पार बसला होता, म्हाताऱ्या माणसासारखा.

हवालदाराने चोच थांबवली. त्यांच्याकडे एका डोळ्याने निरखून पाहिलं आणि तो म्हणाला, "मालन, अगं मालन, चहा टाक गं."

आत काहीतरी धातूचं पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. मालनबाई दारात आल्या, त्यांना धड हसताही येईना आणि रडताही येईना. त्या दिवशी त्यांनी तीन कप चहा केला आणि तिसरा पिंजऱ्यापुढे ठेवून दिला. सावळीरामांना वाटलं, आता आपल्याला माफी मिळणार.

कप विसळताना मालनबाई म्हणाल्या, "अहो, उद्यापासून तुम्हीपण याच्यासमोर रोज काहीतरी बोलत जा."

"मी कशाला?"

"वय झालं की तुमचं."

सावळीराम एकोणपन्नास वर्षांचे होते. गेल्या चार महिन्यांत त्यांनी बरेच धक्के खाल्ले होते, पण हा त्यांना उभ्या उभ्या बसवणारा होता. रात्री त्यांनी आरशात जीभ काढून पाहिली.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते व्हरांड्यात पिंजऱ्यासमोर उभे राहिले. आपण नसताना मालनने रोज ऐकावं, असं एखादं वाक्य हवं होतं. "काळजी करू नकोस" त्यांनी मनात म्हणून पाहिलं. ते पोस्टाच्या तारेसारखं वाटलं. "सुखी राहा" लग्नपत्रिकेसारखं. "तू फार केलंस" हे खरं होतं, पण ते मोठ्याने म्हणायला घसा तयार होईना. हवालदार मान वाकडी करून वाट पाहत होता. पंधरा मिनिटं गेली. शेवटी सावळीराम खाकरले आणि बावीस वर्षांत शाळेत निघताना बायकोला रोज जे सांगत आले होते, तेच एक वाक्य त्यांच्या तोंडून स्पष्ट आणि भरदार आवाजात बाहेर पडलं.

"दार लावून घे."

मालनबाई आतून आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.