नामा मिस्त्रीकडचा आरसा

लिंबागणेशच्या फाट्यावरच्या नामा मिस्त्रीनं मला फसवलं. मी चहा पीत असताना माझ्या मोटारसायकलीचा चांगला, एक चरा नसलेला आरसा काढून घेतला आणि वर मलाच म्हणाला, "सबुरीनं जावा." मी आष्टीचा भांड्यांचा व्यापारी. आठवडी बाजारात सायकलवर पातेली विकत वर आलोय. ताटावर टिचकी मारून पत्रा किती जाड ते सांगतो. मला असं कोणी बनवून जात नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय.

लेक हैदराबादला दिली आहे. बायको म्हणत होती, बसनं जा. पण कंडक्टरशी भाव करता येत नाही, आणि जिथं भाव करता येत नाही तिथं मी पाऊल टाकत नाही. मागं लाडवांचा डबा बांधला आणि मोटारसायकलीवर निघालो. लिंबागणेशच्या अलीकडं क्लचची वायर तुटली. ढकलत फाट्यावर आलो, तर तिथं एक पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये हा माणूस.

नामा मिस्त्री बारा महिने कानाला मफलर गुंडाळतो. गाडीचा आवाज ऐकायचा असला की सोडतो. मालक बोलायला लागला की परत गुंडाळतो. वायर कशी तुटली, लाडू घेऊन लेकीकडं हैदराबादला कसा निघालोय ते मी सांगायला लागलो तेव्हा त्यानं वरून गाठसुद्धा मारली.

"गाडी बरी हाय," तो म्हणाला. "मालकाचं बघावं लागतंय."

"मालकाला काय झालंय बे?"

"लई गरम हाय. च्या घ्या."

मजुरी विचारली तर म्हणाला, "तुमच्या मनाला येईल ते द्या." मला घाम फुटला. भाव न करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे कुठल्याच बाजारात शिकवत नाहीत. आधी मी कमी बोललो, मग लाजेनं वाढवलं, मग वाढवलं म्हणून स्वतःवरच चिडलो. दोन्ही बाजूंची घासाघीस एकट्यानं करून मी किक मारली.

मांजरसुंब्याजवळ मागून ट्रकचा हॉर्न वाजला. आरशात बघायला गेलो, तर आरसा होता तिथं नुसतं भोक.

तसाच उलटा फिरलो.

"मिस्त्री, माझा आरसा कावून काढला?"

"अमानत हाय. वापस येताना घेऊन जावा."

"आणि तोवर मागचं कसं बघू?"

"मागचं बघून काय करता? लेक पुढं हाय न्हव?"

"आत्ताच्या आत्ता दे."

त्यानं आतल्या भिंतीकडं बोट केलं. "वळखा आन् घ्या."

भिंतभर आरसे टांगलेले. गोल, चौकोनी, लांबट. एकेकासमोर उभा राहिलो. प्रत्येकात तेच तांबडं, चिडलेलं तोंड. टिचकीवर पत्रा ओळखणारा मी, पण माझा आरसा मला ओळखता येईना. दुसराच एखादा उचलावा असंही मनात आलं. पण दुसऱ्याचा माल उचलायचा तर आपल्यापेक्षा भारी तरी असावा, आणि तसा एकही दिसला नाही. मिस्त्री मफलर घट्ट करून दुसऱ्या गाडीपाशी बसला होता. मी निघालो.

अंबाजोगाईला नवा आरसा घ्यायला थांबलो. तिथल्या मेकॅनिकनं ते भोक बघितलं आणि हसत सुटला.

"लिंबागणेशहून आलात वाटतं. मी न्हाई देणार आरसा. नामाची अमानत हाय ती."

"अरे, पैसे रोख देतो."

त्यानं गळ्यातला रुमाल काढून कानाला गुंडाळला.

लातूरच्या पुढं पंक्चर काढलं, तिथंही तेच. मी आवाज चढवला की समोरचा कानाला काहीतरी गुंडाळायचा. पंक्चरवाल्याला काही सापडलं नाही तर त्यानं जुनी ट्यूब गुंडाळली. जहिराबादला चेन ढिली झाली. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादानं ती हसत हसत आवळली आणि म्हणाला, "नामा मिस्त्री कू हमारा सलाम बोलो." आरसा कोणी विकेना, भांडण कोणी करेना, आणि नामासाठी निरोप मात्र सगळेच देत होते. हैदराबादेत शिरलो तेव्हा लाडवांपेक्षा निरोपांचंच ओझं जास्त झालं होतं.

परत येताना सगळ्या वाटेवर मी भाषण घोकत आलो. शिव्या मोजक्याच, पण जड पत्र्याच्या.

शेडसमोर गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. मिस्त्री उठला आणि त्यानं मफलर सोडला.

"पोचलात?"

"पोचलो."

"लाडू फुटले न्हाईत न्हव डब्यात?"

भाषणाची सुरुवात मी विसरलो. थोडे फुटले, म्हणालो. लेकीनं चुरा आधी खाल्ला. चुरा बघून जावयाला वाटलं मी बसनं आलो. मग कसं कोण जाणे, मी बोलतच सुटलो. रस्ता, चेन, जहिराबादच्या उस्तादाचा सलाम, सगळं. त्याचा मफलर तोवर खांद्यावरच होता.

मग त्यानं न बघता हात घातला आणि भिंतीवरून नेमका माझा आरसा काढला. शेजारच्या भिंतीला खिळे आणि खिळ्यांना किल्ल्या लटकत होत्या.

"ह्या कुणाच्या?"

"गावाच्या. लोकं ऊसतोडीला गेलं की घराची किल्ली माझ्यापाशी ठिवतेत. माणूस कुठंबी जाऊ द्या, किल्ली हितं हाय म्हणल्यावर वापस येतंय. म्हणलं, गाडीवाल्यांचंबी काहीतरी ठिवून घ्यावं."

"मग येतात?"

तो आरशाचा नट आवळत राहिला. "किल्लीवाले येतेत."

मग पाना खाली ठेवून म्हणाला, "वायर टिकली का, माणूस पोचला का, आपल्याला कसं कळावं? फोन करतो म्हणतेत."

मी भिंतीकडं बघितलं. फाट्यावर दिवसभर धूळ उडते, आणि एका आरशावर धुळीचा कण नव्हता. रोज पुसत असणार. उगीच नाही माझं चिडलेलं तोंड इतकं स्वच्छ दिसलं होतं.

निघालो. नव्यानं बसवलेल्या आरशात बघितलं तर मिस्त्री रस्त्यावर येऊन उभा होता, कान उघडे टाकून. गाडीचा आवाज ऐकू येईल तोवर उभा असणार. मला तो वळण येईपर्यंत दिसला.

माझा राग गेलेला नाही. फक्त आता तो त्या भिंतीवर ज्यांचे आरसे आहेत त्यांच्यावर आहे. तुमच्या गाडीला आरसा नव्हता, तेव्हा मागं कोण उभं होतं ते तुम्हाला दिसलं नाही, इथवर मान्य. पण तुम्ही पोचलात ना? मग हे त्या माणसाला जाऊन कोण सांगणार? बोला.