दोनशे बारावी ओळ

चाळण म्हणजे काही साधी असामी नव्हती. कान तपासायची यंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीत कुणीही कोड लिहिला, की तो आधी याच्याकडून चाळला जायचा, म्हणून हे नाव. नावाचा त्याला राग नव्हता, उलट जरा अभिमानच होता. "माझ्या कानाला फसवणारा अजून जन्मायचाय," हे तो येताजाता ऐकवायचा.

बुधवारी त्याच्यापुढे नव्या इंजिनियरबाईंचा ड्रायव्हर आला. ड्रायव्हर म्हणजे गाडीवरचा नव्हे. यंत्रातली डॅक नावाची चिप आकड्यांचा सूर करून हेडफोनमध्ये सोडते, आणि तिला हाकणारा कोड तो ड्रायव्हर. बाईंच्या सख्ख्या बहिणीचं लग्न शनिवारी होतं, शुक्रवारी सहाची बस होती, आणि कोड मंजूर झाल्याशिवाय रजा नाही असं साहेबांनी बजावलं होतं.

चाळणीनं हेडफोन चढवले आणि ओळीवर ओळ वाचायला घेतली. संशय आला की खालचा जबडा डावीकडे सरकवायचा, ही त्याची जुनी खोड. दोनशे बाराव्या ओळीवर तो थबकला, आणि सुरामध्ये स्पष्ट ऐकू आलं, टिक.

बाईंनी ऐकलं, त्यांना काही नाही. सोल्डरिंगवाल्या काकांनी ऐकलं, त्यांनाही नाही. चाळण मनातून सुखावला, कारण मांजराचे कान सगळ्यांना थोडेच असतात? त्यानं ती ओळ बदलायला लावली. टिक दोनशे तेराव्या ओळीवर गेली. ती बदलली, तर दोनशे तिसाव्या ओळीवर. गुरुवारभर तो त्या टिकचा माग काढत होता, आणि जितका संशय वाढे तितकी ती जोरात वाजे. असली चूक त्याला उभ्या आयुष्यात भेटली नव्हती. कुतूहलानं तो जेवण विसरला.

बाई मात्र रडकुंडीला आल्या होत्या. शुक्रवारी चार वाजता त्या हात जोडून म्हणाल्या, "सर, एकदा माझ्यासमोर वाचा. मला फक्त बघायचंय."

तो वाचत राहिला आणि बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तीनदा टिक झाली असं त्यानं सांगितलं. मग त्या टेबलाखाली वाकल्या, परत बसल्या आणि म्हणाल्या, "आता अजून एकदा. सूर बंद केलाय, नुसती टिक ऐका."

"ही काय," तो विजयानं म्हणाला. "आली. आता तर आणखी स्वच्छ."

बाईंनी यंत्राची पिन वर करून दाखवली. ती भिंतीत नव्हती, त्यांच्या हातात होती.

चाळणीनं जबडा डावीकडे सरकवला. टिक. पुन्हा सरकवला. टिक. कान झाकले की आपलीच हाडं किती वाजतात हे, कानांच्या कंपनीत अकरा वर्षं काढून, त्याला आज कळलं. तो लाजून लाल झाला. त्यानं दोनशे बाराव्या ओळीपासूनच्या बाईंच्या मूळ ओळी परत घातल्या, मंजुरी दिली आणि त्यांची पिशवी स्वतः गेटपर्यंत नेली. बस मिळाली.

सोमवारी तो दाताच्या डॉक्टरांकडे गेला. जबडा दाबून बघत त्यांनी विचारलं, "हे कधीपासून वाजतंय?"

"दोनशे बाराव्या ओळीपासून," तो म्हणाला.