कालिंद्राचा उत्तर दरवाजा

उज्जैन शहरात कालिंद्रा या विषयावर अधिकारवाणीनं बोलू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो मी आहे! हे मी गर्वानं नाही, नाइलाजानं सांगतोय. दुसरा एक होता, मंदार. तो फितूर झाला.

कालिंद्रा म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक जुना गेम. आपण एक भटका शिलेदार व्हायचं, कालिंद्रा नावाच्या शापित नगरात शिरायचं आणि शाप उतरवायचा. कॉलेजात असताना मंदारच्या घरी, त्या ढेरपोट्या मॉनिटरसमोर बसून आम्ही तो खेळलो. दोघांत मिळून खुर्ची एक. अर्धा मी बसायचो, अर्धा तो. आमच्या मैत्रीचा पाया म्हणाल तर ती खुर्ची!

आणि काय तो गेम! काही म्हणजे काही सांगायचा नाही. उत्तर दरवाजातून आत शिरलात की नुसत्या गल्ल्याच गल्ल्या. पटनी बाजाराच्या मागे नवखा माणूस कसा हरवतो, तसं हरवायचं. कोपऱ्यावर पाणपोईवाली एक म्हातारी. तिला रस्ता विचारला की ती आधी आपल्या सगळ्या सुनांची गाऱ्हाणी सांगणार आणि मग चुकीचा रस्ता दाखवणार! उन्हाळ्याची अख्खी सुट्टी आम्ही त्या नगरात हरवलेले होतो. मंदारची आई विचारायची, "सापडलं का रे काही?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "नाही!" आणि किती आनंदानं म्हणायचो!

आता मी माधव नगरात विम्याच्या ऑफिसात बसतो आणि मंदार देवास गेटला आपल्या औषधांच्या दुकानात. पण रविवारी सकाळी पोहे-जलेबी एकत्र, हा नियम. अशाच एका रविवारी त्यानं खिशातून पाटीएवढं एक यंत्र काढलं आणि माझ्या पोह्यांशेजारी ठेवलं.

"बघ! कालिंद्रा! नवीन बनवलाय, हातात धरून खेळायचा!"

मी बघितलं. चित्रं अशी चकाचक, जणू शापित नगराला दिवाळीचा रंग दिलाय. पण काहीतरी चुकत होतं.

"मंदार, उत्तर दरवाजा कुठेय?"

"काढला. तिथे फार वेळ जायचा ना! आता डायरेक्ट चौकातच सुरू होतं."

"गल्ल्या?"

"रुंद केल्या. एवढ्याशा स्क्रीनवर दिसायला नकोत?"

"आणि म्हातारी?" मी यंत्रावर वाकून विचारलं.

"तिच्या जागी बाण आहे. हा बघ, सोनेरी. ज्या दिशेला दाखवतो तिकडे जायचं, बस! क्या मस्त काम किया है यार!"

बाण! माझ्या म्हातारीच्या जागी बाण! पोह्यांवरची शेव मला कडू लागायला लागली.

"अरे, हरवलोच नाही तर सापडणार काय?" मी ओरडलो. शेजारच्या टेबलावरचे उज्जैन-दर्शनवाले दचकले.

"आल्हाद, मी दुकानात असतो," मंदार शांतपणे म्हणाला. त्याचा हा शांतपणाच मला सहन होत नाही. "गिऱ्हाईक आलं की थांबवायचं, गेलं की पुढे सुरू. म्हातारीच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकायला मला आता अख्खी सुट्टी कोण देतंय? जुना असता तर मी खेळलोच नसतो. नवा आहे म्हणून निदान कालिंद्रात पाय तरी ठेवला."

"तू पाय नाही ठेवलास, तू बाणाच्या मागे फरफटत गेलास!"

"तू खेळून बघितलायस का नवा?"

"विष चाखून बघायचं नसतं!"

"भिया, तू म्हातारा झालायस," तो म्हणाला, आणि जलेबी अर्धी टाकून निघून गेला. मंदारनं जलेबी टाकली! यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजा.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. मला सर्दी झाली तर गोळी आणायला मी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो, पण त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही. घरी मात्र माझं बोलणं सुरूच होतं. जेवताना दरवाजा, चहाला गल्ल्या, झोपताना म्हातारी! शेवटी माझी बायको ईरा हात जोडून म्हणाली, "आल्हाद, जे काय आहे ते एकदा चारचौघांत बोलून मोकळा हो. आमच्या मंडळाच्या रविवारच्या व्याख्यानाला इंदूरचे वैद्य येणार होते, ते येत नाहीयेत. प्रतिभाताई वक्ता शोधतायत. तुम्ही दोघं भांडा तिथे. मी मंदारला सांगते."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! भर सभेत फितुराला उघडा पाडायचा! प्रतिभाताई म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांचा लगेच फोन आला.

"विषय सांगा पटकन. मी गॅसवर दूध ठेवलंय."

"लिहा! कालिंद्राचं नवं रूप, सोय की सत्यानाश?"

"छान! थोडी माहिती?"

"गल्ल्या रुंद केल्या, उत्तर दरवाजा काढून टाकला, पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजणारी म्हातारी कुठे गेली कुणाला पत्ता नाही!"

"अगंबाई!"

"आणि प्रतिभाताई, कालिंद्रा म्हणजे..."

"गेलं! उतू गेलं!" असं ओरडून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर निमंत्रण आलं. मी सांगितलेला शब्दन्‌शब्द त्यात होता. नव्हता फक्त 'गेम' हा शब्द. पण ते माझ्या लक्षात यायला हवं होतं ना! मी 'प्रमुख वक्ते' खालचं माझं नाव वाचण्यात गुंग होतो.

आता उज्जैनच्या बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. सिंहस्थ जवळ आला की आमच्याकडे रस्ते रुंद व्हायला लागतात. कुणाचा ओटा जातो, कुणाची पायरी, कुणाचं अख्खं दर्शनी घर. 'रुंद' हा शब्द नुसता उच्चारला तरी लोक आपली भिंत चाचपून बघतात. अशा गावात मी ते निमंत्रण सोडलं होतं!

रविवारी हॉलवर पोचलो तर दाराबाहेर चपलांचा डोंगर! एरवी व्याख्यानाला जेमतेम पहिली रांग भरते, आणि तीही नंतरच्या बटाटेवड्यांसाठी. आज माणसं खिडक्यांत बसली होती! मी मनात म्हटलं, वा! गेमची कदर करणारं शहर आहे हे, आणि आपल्याला पत्ताच नाही!

पहिल्या रांगेत रेल्वेतून रिटायर झालेले गोपाळकृष्ण काका बसले होते. गेल्या वर्षी रस्त्यात त्यांचा ओटा गेला. त्यांच्या शेजारी अक्का. अक्का म्हणजे मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ, निवृत्त शिक्षिका. अर्ध्या हॉलनं लहानपणी त्यांच्या छड्या खाल्ल्या आहेत. मागे कुणीतरी विचारत होतं, "हे कालिंद्रा आलं कुठे?" त्यावर दुसरा ठामपणे म्हणाला, "अरे, तराण्याच्या पुढे! माझ्या साडूचं शेत आहे तिकडे!"

मी हे कानांनी ऐकलं. पण वक्ता भाषणाआधी काही ऐकत नसतो.

मी उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात मुद्द्याला हात घातला. "मित्रहो, कालिंद्राचा उत्तर दरवाजा आज राहिला नाही!"

"अरेरे!" हॉल कळवळला.

"कुणाला विचारलं? ज्यांचं बालपण तिथे गेलं, त्यांना विचारलं?"

"नाही विचारलं!" काका उभे राहून ओरडले. "कधीच विचारत नाहीत!"

"गल्ल्या होत्या, त्यांना वळणं होती. सगळं सपाट! का, तर म्हणे वेळ वाचतो!"

"शरम करो!" खिडकीतून आवाज आला.

"आणि ती पाणपोईवाली म्हातारी," मी रुमाल काढला, तो खरोखरच लागला, "एका फटक्यात नाहीशी केली! कुठे गेली, काय खाते, कुणी सांगत नाही. तिच्या जागी काय लावलंय? बाण!"

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. अहो, ज्या बाईनं उज्जैनच्या तीन पिढ्या रडवल्या, ती माझ्या भाषणावर रडत होती! टाळ्या थांबेनात. सुमीत वकील मंचावर चढला आणि म्हणाला, "कलेक्टरसाहेबांना ज्ञापन देऊ! मी आत्ता लिहितो!" मी मान डोलावली. ज्ञापन म्हणजे निवेदन. ते कशाला हे मला कळलं नाही, पण गेमसाठी एवढं करणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

मग मंदार उठला. बिचाऱ्यानं सुरुवातच अशी केली, "आल्हाद भावुक आहे. पण खरं सांगू का, गल्ल्या रुंद झाल्या ते उत्तम झालं!"

हॉलमधल्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या.

"त्या दरवाजाचा काही उपयोग नव्हता," मंदार पुढे बोलत राहिला. "आणि म्हातारी तर नुसती वेळ खायची. गेली ते बरंच झालं!"

"क्या बोल रिया है तू!" एक जण खुर्चीवर चढला. "ठेकेदाराचा माणूस आहे हा!" दुसरा ओरडला. अक्का काठी टेकत उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज अजून वर्गातलाच आहे.

"मंदार! तुझ्या दुकानातून मी बीपीची गोळी नेते. उद्यापासून नेणार नाही. ज्याला म्हातारी माणसं वेळ खाणारी वाटतात, त्याच्या हातचं औषध मला नको!"

"आम्हीपण नाही नेणार!" पाठोपाठ सगळी रांग गरजली. मग दुसरी रांग. मग खिडक्या.

मंदारचा चेहरा पांढरा पडला. त्याला काहीच उमगत नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. पूर्वी कालिंद्राच्या तळघरात दिवा विझला की तो जसा माझ्याकडे बघायचा ना, अगदी तसं. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. सिंहस्थ! तराणा! साडूचं शेत!

आता मी काय करायचं, सांगा! आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी लोक खुर्चीवर चढले होते. गप्प बसलो तर मी नेता, आणि मंदारचं दुकान बुडतंय. तोंड उघडलं तर दुकान वाचतंय, आणि बुडतोय मी. मी त्याच्यावर भयंकर चिडलेला होतो, अजूनही आहे! पण शेवटी अर्धी खुर्ची त्याची होती.

मी माइक ओढला. "थांबा! कालिंद्रा हा गेम आहे!"

"क्या है?"

"गेम! कॉम्प्युटरचा खेळ! दरवाजा खेळातला. गल्ल्या खेळातल्या."

"आणि म्हातारी?" अक्कांनी विचारलं.

"ती... नाहीये."

"म्हणजे गेली?"

"नाही, अक्का. नव्हतीच कधी."

"मग मेल्या, मला रडवलंस कशाला?"

सुमीत वकिलानं आपलं ज्ञापन माझ्यासमोर टराटरा फाडलं. "माझ्या साडूचं शेत?" मागून घाबरलेला आवाज आला. "ते आहे!" मी ओरडलो. आता सगळा हॉल मंदारच्या बाजूला! त्याच्या पाठीवरून काय हात फिरवतायत, त्याला पाणी काय देतायत! "बिचारा, काय काय ऐकून घेतलं त्यानं!" अहो, त्याला वाचवलं कुणी? मी! पण मला कुणी पाणी दिलं? नाव नको!

फक्त गोपाळकृष्ण काका माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "त्या जुन्या खेळात... दरवाजा आहे अजून?"

"आहे, काका."

"पडत नाही?"

"कधीच नाही."

"मग बरं आहे," ते म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

तेवढ्यात मंदारनं आपलं यंत्र हॉलच्या टीव्हीला जोडलं होतं. "बघाच तुम्ही!" म्हणून त्यानं ते अक्कांच्या हातात दिलं. आणि काय सांगू! अक्का शिलेदार होऊन कालिंद्राच्या चौकात उभ्या, आणि उभा हॉल ओरडतोय, "डावीकडे, अक्का! बाण बघा, बाण!"

"बाण बघू नका!" मी जिवाच्या आकांतानं म्हटलं. "हरवा, अक्का! एकदा हरवून बघा, त्यातच मजा आहे!"

"या वयात मी कशाला हरवू रे?" अक्का स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. "घरी शोधाशोध होईल!" आणि त्यांनी एका राक्षसाचा असा निकाल लावला की सगळ्या माजी विद्यार्थ्यांनी आपापले तळहात चोळले.

शेवटी प्रतिभाताईंनी जाहीर केलं, वादविवाद झालाय तर मतदानही होऊन जाऊ दे. नवा कालिंद्रा चांगला, असं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. हातांचं जंगल उभं राहिलं! त्यात सुमीतचा हात. साडूवाल्याचा हात. अक्कांचे दोन्ही हात. आणि वड्यांच्या परातीमागून माझ्या बायकोचा हात!

"जुना चांगला म्हणणारे?"

एकही हात नाही. मंदारनं हात अर्धा वर केला आणि त्यानं कान खाजवला. मी मान खाली घातली. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक हात वर गेला. थरथरणारा, पण ताठ! गोपाळकृष्ण काका! माझे डोळे भरून आले. सगळं गाव एकीकडे आणि हा एक ताठ कण्याचा माणूस एकीकडे! मी धावत त्यांच्याजवळ गेलो, त्यांचा तो वर केलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"काका, तुमचं हे एक मत मी जन्मभर विसरणार नाही!"

"मत?" काका म्हणाले. "अरे, तो पंखा कमी कर. मघापासून मानेवर येतोय."