वरच्या खोलीतला भाचा

दारू-तंबाखूवरचे कर वाढवूनही तिजोरी भरेना, तेव्हा सरकारची नजर पर्यटकांकडे वळली. भाड्यानं उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे कर. तलावाकाठच्या आपल्या घराची वरची खोली बाई पर्यटकांना द्यायच्या, आणि त्या भाड्यावरच नवरा-बायकोचं चाललं होतं. त्यामुळे सरकार नेमकं आपल्याच मुळावर उठलंय, असं त्यांना वाटू लागलं.

नियम वाचता वाचता त्यांना दिसलं, की नातेवाइकांना कर माफ आहे. मग काय, वर उतरलेल्या फोटोग्राफरला त्यांनी सांगून ठेवलं, कोणी चौकशीला आलंच तर मला मावशी म्हणा. माणूस मोठा गोड. लगेच तयार झाला.

कर निरीक्षक आला तो नेमका चहाच्या वेळेला. त्याला करापेक्षा माणसांचंच कुतूहल जास्त. सख्खी मावशी का, असं त्यानं विचारलं मात्र, फोटोग्राफरनं आईच्या पाठची सख्खी बहीण म्हणून सांगितलं, सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला आणि बाईंनी राखून ठेवलेला केक बाहेर आणला. अर्धा निरीक्षकाला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. लहानपणी मावशीनं आपल्याला कसं बदडलं होतं, तेही रंगवून सांगितलं. हा आणखी कुठवर जातो, याची बाईंनाही गंमत वाटत होती.

"आणि भाडं?" निरीक्षकानं विचारलं.

"मावशीला भाडं? आईला कळलं तर घरात घेणार नाही ती मला. उलट मावशीच म्हणते, महिनाभर राहा. बायको-मुलंही उद्या येतायत."

बाईंनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. त्यावर नाटकाचा मागमूस नव्हता. त्या घाईघाईनं निरीक्षकाकडे वळल्या.

"साहेब, हा माझा कोणी नाही. गिऱ्हाईक आहे. कर लिहा, दंडही लिहा."

निरीक्षकानं पावतीपुस्तक पिशवीत टाकलं. मुलाबाळांसकट मुक्काम म्हटला, की घरोघरी हेच ऐकायला मिळतं, असं तो समजुतीनं म्हणाला. परवाच एक जण सख्ख्या मेव्हण्याला पर्यटक ठरवायला निघाला होता.

"मग नातेवाइकांवरच लावा ना कर," बाई कळवळून म्हणाल्या.

निरीक्षक दारात थबकला. कल्पना त्याला पटलेली दिसली. "वर कळवून बघतो. कर वाढला की लोक दारू सोडतात, तंबाखू सोडतात. नातेवाईक कसे सोडणार?"

तो फाटकाबाहेर गेला, तरी बाई तिथंच उभ्या होत्या. मागून फोटोग्राफर आला. आता ऐकायला कोणी नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला, "तू आणि काका हॉलमध्ये झोपाल ना? मुलांना वरची खोली पुरायची नाही."